मोबाइल, लस, क्रोसिन आणि आई : ऑटिझमच्या एका मेसेजचा समाचार

शाळेतल्या पालकांचा गट, सोसायटीचा गट, नातेवाइकांचा गट, कुठलाही उघडा. ऑटिझमबद्दलचा (मेंदूची घडणच वेगळी असल्याने मुलाचं बोलणं, माणसांकडे बघणं, मिसळणं वेगळ्या तऱ्हेने होतं, तो) एक लांबलचक मेसेज तिथे येऊन गेलेला असतो. शब्द थोडेफार बदलतात. कधी वर एखाद्या डॉक्टरांचं नाव असतं, कधी नुसतंच 'जरूर वाचा'. मतितार्थ एकच. आपल्या लहानपणी ऑटिझम नव्हता, तो हल्लीच्या वातावरणाने आणला. मोबाइल दाखवल्याने होतो. आई नोकरीला जाते, घरात आजी-आजोबा नाहीत, म्हणून होतो. गोवराच्या लशीने होतो. गरोदरपणात क्रोसिन घेतल्याने होतो, हे तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं. वीस-बावीस वर्षांत प्रमाण पाचपट झालं, हा पुरावा. उपाय काय, तर शरीरातली विषं बाहेर काढा, सहा महिन्यांत मूल बरं.

मी विशेष शिक्षिका आहे. हा मेसेज मला पाठवणारे बहुतेक जण भल्या मनाने, 'हे खरं आहे का हो?' असं विचारत पाठवतात. पण त्याच गटात एखादी आई असते, जिचं अडीच वर्षांचं मूल अजून 'आई' म्हणत नाही. ती काही विचारत नाही, नुसती वाचते. तिच्यासाठी एकेक मुद्दा घेते.

आधीच सांगून टाकते : ऑटिझममध्ये वातावरणाचा काहीच हात नाही, असं माझं म्हणणं नाही. हात आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी चांगल्या पक्क्या ठाऊक आहेत. गंमत अशी, की त्यांतली एकही या मेसेजमध्ये नाही.

"मोबाइल आणि टीव्हीमुळे मुलं ऑटिस्टिक होतात"

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्याच्याही आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांबद्दल जवळजवळ तेच लिहून ठेवलं होतं. कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३, मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट नावाचं छोटंसं गाव. हाताला लागेल ती वस्तू गरागरा फिरवत बसायचा, माणसांकडे लक्ष नाही, आकडे मात्र तोंडपाठ. पुढे त्याने बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली नव्वदीला टेकल्यावर वारला. त्याच्या लहानपणी त्या गावात टीव्हीसुद्धा नव्हता.

'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे पडद्यामुळे झालेला ऑटिझम, हा शब्द मेसेजमध्ये मोठ्या थाटात येतो. रोमानियातले मानसशास्त्रज्ञ मारियस झामफिर यांनी २०१८ च्या सुमारास तो रूढ केला. निदानासाठी डॉक्टर ज्या दोन याद्या वापरतात, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची आणि जागतिक आरोग्य संघटनेची, त्या दोन्हींत असं निदान नाही. मग 'मोबाइल बंद केला आणि मूल बोलायला लागलं' ही उदाहरणं खोटी का? मुळीच नाही. दिवसाचे सहा-सहा तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाशी कोणी बोललंच नाही, तर त्याचं बोलणं मागे पडतं. पडदा गेला, माणसं आली, की ते सुधारतं. ते मूल ऑटिस्टिक नव्हतं. आणि जे ऑटिस्टिक आहे तेही मोबाइल बंद केल्यावर थोडं जास्त सावध, थोडं जास्त हसरं होऊ शकतं. त्याचा ऑटिझम तिथेच असतो.

जपानचा अभ्यास हमखास पुढे केला जातो. २०२२ मध्ये ८४,०३० माय-लेकरांची माहिती प्रसिद्ध झाली : वर्षाच्या वयात जास्त पडदा पाहणाऱ्या मुलग्यांत तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान जास्त आढळलं. मुलींमध्ये असं स्पष्ट दिसलं नाही. इथे आधी काय आणि मागाहून काय, हाच खरा प्रश्न आहे. ज्या बाळाला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा फिरणारा पंखा जास्त आवडतो, ते बाळ पडद्याकडे लवकर ओढलं जातं. जे रात्री तीन-तीन वेळा उठतं, भाताचं शीत जिभेला लागलं तरी ओकारी काढतं, त्याला जेवू घालताना आई मोबाइल लावते, कारण दुसरं काही चालतच नाही. असं मूल तिसऱ्या वर्षी ऑटिस्टिक ठरलं, तर मोबाइलने ते तसं झालं, की ते तसं होतं म्हणून घरात मोबाइल आला?

पालक पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा मी पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ मागते. आपल्याकडे तो असतोच. एका घरचा सांगते. केकवर एकच्या आकड्याची मेणबत्ती, मागे फुगे, कॅमेऱ्यामागून चार जण 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणतायत. आत्या समोर बसून खुळखुळा वाजवते. बाळ आजोबांच्या मांडीवर. नाव घेऊन सात-आठ हाका झाल्या, पण बाळाची नजर फुग्याच्या लोंबत्या दोरीवरून हलत नाही. दोरी हलली की दोन्ही हात फडफडवतं, खुदकन हसतं, पुन्हा दोरी. 'किती शांत आहे गं,' कोणीतरी म्हणतं. त्या आईने मला सांगितलं होतं, की दीड वर्षापर्यंत अगदी नॉर्मल होता, मग आम्ही त्याला मोबाइल दिला. व्हिडिओ तिने आधी पन्नासदा पाहिला असेल. हे बघायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हीच पद्धत अमेरिकेतल्या ऑस्टरलिंग आणि डॉसन या दोघींनी १९९४ मध्ये वापरली. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या ११ आणि इतर ११ मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ, निदान माहीत नसलेल्या माणसांना दाखवले. हाकेला बघणं, बोट दाखवणं, वस्तू उचलून दुसऱ्याला दाखवणं, माणसांच्या तोंडाकडे पाहणं, एवढ्यावरून बहुतेक मुलं बरोबर ओळखता आली. २०१३ मध्ये जोन्स आणि क्लिन यांनी आणखी मागे जाऊन दाखवलं, की पुढे ऑटिस्टिक ठरलेल्या बाळांचं दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणं दोन ते सहा महिन्यांच्या वयातच ओसरू लागतं. सगळ्याच मुलांत इतक्या लवकर काही दिसतं असं नाही. काही मुलं आलेले शब्द दीड वर्षाच्या आसपास खरोखर गमावतात. पण मेंदूची घडण आईच्या पोटात असतानाच वेगळी व्हायला लागते, असं सांगणारा पुरावा आता भरपूर आहे.

पडदा कमी करा, जरूर करा. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना तो नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभरापेक्षा जास्त नको. झोप, बोलणं, धावपळ यांसाठी ते चांगलं आहे. त्यासाठी ऑटिझमची भीती घालायची गरज नाही.

"आईने वेळ दिला नाही, विभक्त कुटुंबामुळे झालं"

हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत दुष्ट. तो आपला नाहीही. परदेशात वापरून, चुकीचा ठरवून टाकून दिलेला माल आहे.

कॅनर यांनी सुरुवातीला ऑटिझम जन्मजात असल्याचं लिहिलं, पण त्याच लेखांत आईबाप थंड स्वभावाचे असल्याची निरीक्षणंही टाकली. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे मुलाला माया न देणारी गोठलेली आई, हा सिद्धांत फोफावला. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम त्याचे मोठे प्रचारक. मुलाला आईपासून लांब ठेवणं हाच तिथे उपचार. एका पिढीतल्या आयांनी हे ऐकून घेतलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने (त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता) सगळा पुरावा मांडून दाखवलं, की याचं मूळ शरीरात आहे, आईच्या मायेत नाही. कॅनर यांनीही १९६९ मध्ये पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. (जाता जाता : हेच रिमलँड उतारवयात लशीतल्या पाऱ्याने ऑटिझम होतो असं सांगू लागले. एका बाबतीत बरोबर असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत बरोबर असतोच असं नाही.)

१९७७ मध्ये लंडनहून सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास छापला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक होते. वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत असं एकही उदाहरण नव्हतं. घर तेच, आई तीच, दोघांच्या वाट्याला आलेली माया तीच. २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून हिशेब झाला : ऑटिझम कोणाला होतो आणि कोणाला नाही, या फरकातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा.

'पण आमच्या घराण्यात कोणालाच नाही,' हे मी दर आठवड्याला ऐकते. जनुकातला बदल घराण्यातूनच यावा लागतो असं नाही. तो शुक्रपेशीत किंवा बीजांडात नव्याने होऊ शकतो, आईबापांत नसताना मुलात येऊ शकतो. शिवाय 'कोणालाच नाही' म्हणताना आपण नेमकं कोणाला मोजतो, तेही पाहायला हवं. रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ असलेले, लग्नकार्यात मागच्या दाराने निघून जाणारे, एकाच रंगाचे शर्ट घालणारे काका बहुतेक घरांत आहेत. त्यांचं निदान कोणी केलं नाही, एवढंच.

एकत्र कुटुंबात मूल सांभाळायला चार हात मिळतात, ऑटिस्टिक मूल असेल तर त्या हातांचं मोल जास्तच. पण सुनेला बोल लावायला एक निमित्त हवं असतं. पूर्वी ग्रहण होतं, आता लॅपटॉप आहे.

"गोवराच्या लशीने होतो"

फेब्रुवारी १९९८ मध्ये लंडनचे अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा लेख छापला, तिथून हे सुरू झालं. बारा मुलं, तुलनेला दुसरा गटच नाही. पत्रकार ब्रायन डीर यांनी २००४ पासून खोदकाम केलं तेव्हा कळलं, की लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी लेखात बदलून आल्या होत्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवाना गेला.

लेख खोटा निघाला म्हणून दावाही खोटा, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. दावा स्वतंत्रपणे तपासला गेला. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० दरम्यान जन्मलेली ६,५७,४६१ मुलं. त्यांतल्या ६,५१७ मुलांना ऑटिझमचं निदान. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत प्रमाण सारखंच. ज्यांचं मोठं भावंड ऑटिस्टिक आहे, म्हणजे ज्यांना मुळात धोका जास्त, त्यांच्यातही लशीने काही फरक पडला नाही. जपानने १९९३ मध्ये वेगळ्याच कारणासाठी गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस थांबवली. योकोहामात त्यानंतर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमच्या नोंदी वाढतच गेल्या. लशीत पारा असतो, हा पुढचा बाण. आपल्या सरकारी कार्यक्रमातल्या गोवर-रुबेला लशीत पाऱ्याचं संरक्षक द्रव्य घालताच येत नाही, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे. ज्या इतर लशींत ते द्रव्य होतं, त्या डेन्मार्कने १९९२ मध्ये बंद केल्या. तिथेही आकडे चढतच राहिले.

मग आईला असं का वाटतं? लसीकरणाचं कार्ड घेऊन येतात माझ्याकडे. घडीवर फाटलेलं, वरणाचा डाग पडलेलं कार्ड, आणि दुसऱ्या डोसच्या तारखेवर बोट : 'याच्यानंतर बदलला.' आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या डोळ्यांवर येण्याचं वयही हेच. शेजारपाजारची मुलं याच महिन्यांत बोलायला लागतात, तेव्हा आपल्याचं न बोलणं उठून दिसतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने संकेतस्थळावरचा मजकूर बदलला, म्हणून 'आता सरकारनेच मान्य केलं' असंही फिरतंय. तो बदल आरोग्यमंत्री केनेडी यांच्या सांगण्यावरून झाला, हे त्यांनीच म्हटलं आहे. लस आणि ऑटिझमचा संबंध दाखवणारा नवा अभ्यास त्यामागे नव्हता.

आता त्याच लशीतल्या रुबेलाबद्दल. रुबेला म्हणजे गोवरासारखं पुरळ आणणारा, पण वेगळ्या विषाणूचा आजार. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होतात हे तेव्हा माहीत होतं. न्यू यॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी त्या साथीनंतर जन्मलेली अशी २४३ मुलं तपासली. त्यांत १० मुलांना पूर्ण आणि ८ जणांना अंशतः ऑटिझम होता. त्या काळी ऑटिझमचं प्रमाण दहा हजारांत चार-पाच मुलं इतकं धरलं जायचं! गर्भातला रुबेला हे ऑटिझमचं जन्माआधीचं, बाहेरून येणारं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. ते टाळते कोण? तीच लस, जिला हा मेसेज आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हाही अफवांनी कित्येक पालक मागे हटले होते. आणि लस चुकली की काय होतं, ते २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीने पाहिलं. गोवराने मुलं दगावली.

"गरोदरपणातल्या क्रोसिनने होतो"

२२ सप्टेंबर २०२५ रोजी व्हाइट हाउसमधून डोनल्ड ट्रम्प यांनी गरोदर बायकांना टायलेनॉल घेऊ नका असं बजावलं. टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल. आपलं क्रोसिन, कॅल्पोल, डोलो.

काही अभ्यासांत पुसटसा संबंध दिसतो, हे खरं आहे. दडवायचं कारण नाही. पण गरोदर बाई गोळी उगीच घेत नाही. ताप, अर्धशिशी, संसर्ग, अंगदुखी यांसाठी घेते. मग संबंध गोळीशी, की तापाशी, की त्या घरातल्या जनुकांशी? हे वेगळं काढण्याची एक चांगली रीत म्हणजे सख्खी भावंडं. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी तिने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ दरम्यान जन्मलेल्या जवळपास २५ लाख मुलांचा असा अभ्यास २०२४ मध्ये आला. सरसकट पाहिलं तर दहाव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं प्रमाण गोळी न घेतलेल्यांत १.३३ टक्के आणि घेतलेल्यांत १.५३ टक्के. भावंडांची आपसांत तुलना केल्यावर तो संबंध नाहीसा झाला.

आपल्याकडे यात खरी जोखीम उलट बाजूची आहे. मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत, सातव्या महिन्यातली बाई १०२ ताप अंगावर काढते, कारण गटावर काहीतरी वाचलंय. किंवा पॅरासिटामॉल नको म्हणून घरातली ब्रुफेन घेते. अशा जातीच्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या किडनीला घातक ठरू शकतात म्हणून टाळायला सांगतात. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच, लागतील तेवढेच दिवस, हा सल्ला आधीही होता, आजही तोच आहे.

"पाचपट वाढ हाच पुरावा"

आकडा खरा आहे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत २००० साली १५० मुलांमागे एक, २०२२ साली ३१ मुलांमागे एक. पण त्याच २०२२ च्या आकड्यांत टेक्ससमधल्या लारेडोत १०३ मुलांमागे एक आहे आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात १९ मुलांमागे एक. एकाच देशात, एकाच वर्षी हवा-पाणी-लस-मोबाइल यांत पाचपट फरक असेल का? फरक आहे तो कोण तपासतं, किती लवकर तपासतं, नोंद कुठे होते, यात. १९८० मध्ये निदानाचे निकष अगदी अरुंद होते, १९९४ आणि २०१३ मध्ये ते बदलत गेले. डेन्मार्कमधल्या वाढीचा हिशेब मांडला तेव्हा साधारण ६० टक्के वाढ निव्वळ निकष आणि नोंदीची पद्धत बदलल्याने झालेली निघाली. उरलेल्या वाढीत थोडी खरी वाढही असेल; आईबापांची वयं वाढलीत, फार लवकर जन्मलेली बाळं आता जगतात.

आणि 'आपल्याकडे नव्हताच' याबद्दल काय सांगावं! १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या यादीत ऑटिझम नव्हता. २०११ च्या जनगणनेच्या अपंगत्वाच्या रकान्यांतही नव्हता. प्रमाणपत्र देता येईल अशा अपंगत्वांच्या यादीत तो २०१६ च्या कायद्याने आला. ज्याला रकानाच नाही तो मोजणार कसा? मुद्दाम शोधायला गेलं की सापडतो : पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा इथे घरोघरी जाऊन दोन ते नऊ वर्षांची जवळपास चार हजार मुलं तपासली गेली, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, आणि ऑटिझम साधारण शंभरात एक निघाला. कांगड्याच्या डोंगरातही आणि ढेंकनालच्या खेड्यांतही. आपल्या लहानपणी या मुलांना 'मंद', 'मुका', 'वेडसर' म्हणत. शाळा दुसरीत सुटायची आणि विषय संपायचा.

मेसेजमध्ये जे नाही

वाल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध, मनोविकारांतही देतात, स्वस्त आणि परिणामकारक. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासात (२०१३) गर्भात वाल्प्रोएट मिळालेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४ टक्के निघालं, एकूण मुलांत १.५ टक्के. आपल्याकडे फिट्स लपवून लग्नं होतात, गोळी सासरी लपूनछपून चालू राहते, आणि दिवस गेल्यावर दोन महिन्यांनी कोणाला तरी सांगितलं जातं. तोवर उशीर होतो. गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, फिटचा मोठा झटका आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. मूल हवं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटून औषध बदलून घेता येतं का ते पाहा. या एका वाक्यासाठी फॉरवर्ड फिरायला हवा होता.

थॅलिडोमाइडचं, म्हणजे गरोदरपणातल्या मळमळीवर पूर्वी दिल्या जाणाऱ्या आणि बाळांत व्यंगं आणणाऱ्या औषधाचं, उदाहरण आणखी नेमकं आहे. स्वीडनमध्ये त्या औषधाने बाधित झालेल्या शंभरएक जणांत चौघं ऑटिस्टिक आढळले, आणि चौघांच्याही आयांनी ते गर्भधारणेनंतर २० ते २४ व्या दिवसांच्या दरम्यान घेतलं होतं. म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा.

मुदतीच्या फार आधी जन्मलेल्या मुलांत प्रमाण कित्येक पटींनी जास्त, वेगवेगळे अभ्यास एकत्र केल्यावर सुमारे ७ टक्के. हवेतल्या सूक्ष्म धुळीचा संबंधही अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात दिसला, तोही गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या धुळीशी, बाळंतपणानंतरच्या नाही. हा संबंध वाल्प्रोएटइतका पक्का नाही, पण मोबाइलपेक्षा खूपच वजनदार आहे. मात्र शीव-पनवेल रस्त्याला लागून राहणारी गरोदर बाई श्वास घ्यायचं थांबवू शकत नाही, आणि ज्यांच्या हातात ते आहे त्यांना असे मेसेज कोणी पाठवत नाही.

"विषं काढा, सहा महिन्यांत बरं"

थोडक्यात. ऑटिझम हे साठलेलं विष नव्हे, त्यामुळे काढायला काही नसतं. रक्तातले धातू ओढून काढणाऱ्या 'चिलेशन'ने ऑगस्ट २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा जीव गेला. स्टेम सेलच्या नावाने लाखोंची पॅकेजं विकली जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही आणि तसा प्रचार करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं बजावलं आहे. या सहा महिन्यांत त्या मुलाला काय मिळू शकलं असतं, ते मला जास्त छळतं. वर्षाचं मूल हाकेला बघत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवून काही मागत वा दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा. जिल्हा रुग्णालयांत लवकर तपासणीची केंद्रं आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. निदान व्हायची वाट न पाहता खेळातून बोलणं, मागणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं शिकवायला सुरुवात करता येते.

"ही माहिती प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा"

मेसेजची शेवटची ओळ. आईपर्यंतच का? आइसलँडच्या कुटुंबांवरून २०१२ मध्ये दिसलं, की वडिलांचं वय वर्षाने वाढलं की मुलाकडे सरासरी दोन नवे जनुकीय बदल जास्त जातात. पाच देशांतल्या ५७ लाख मुलांच्या नोंदींत (२०१६) पन्नाशीपुढच्या वडिलांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण विशीतल्या वडिलांच्या मुलांपेक्षा ६६ टक्के जास्त होतं. चाळिशीतल्या आयांच्या बाबतीत हाच आकडा १५ टक्के. कोणा बाबांना यावरून घेरावं असं मी म्हणत नाही. ६६ टक्के जास्त म्हणजे शंभरात एकाच्या जागी पावणेदोनसुद्धा नाही. बाकीची अठ्ठ्याण्णव मुलं तशीच. पण माझ्याकडे येणारे बाबा मुलाचं वय, वजन, शाळेची फी सगळं सांगतात आणि 'हिने मोबाइल फार दिला' हेही सांगतात. त्यांच्या वयाची चौकशी आजवर कोणत्याही आत्याने केलेली नाही.